‘मला आई व्हायचंय!’ : यशोदेची कथा की शकुंतलेची?

१

वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूर या गावी मूल जन्मास आले म्हणजे १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमान्वये त्याची खबर २१ दिवसांच्या आत द्यावी लागते. नोंदीच्या नमुन्यात पित्याच्या नावाचा एक रकाना असतो व मातेच्या नावाचा एक. यांपैकी पहिल्या रकान्याविषयी मानवजातीने पुष्कळ विचार केलेला आहे. धर्मशास्त्रकारांनी औरस, क्षेत्रज, दत्तक, कानीन, सहोढ असे पुत्रांचे बारा प्रकार कल्पिले. बीज श्रेष्ठ की क्षेत्र श्रेष्ठ, याचा काथ्याकूट केला. परंतु ही सर्व मीमांसा मूल कोणत्या पुरुषाचे मानावयाचे एवढ्यापुरतीच होती. मातेच्या रकान्याविषयी शंका घेण्याचे कोणास कारण पडले नाही. जिच्या पोटी मूल आले ती त्याची आई, हे अल्लीपूरच्या सुइणीस जितके उघड होते तितकेच रोमन विधिज्ञांसही होते. माता ही नेहमी निश्चितच असते, असा त्यांचा दंडकच होता.

वैद्यकाने ही निश्चिती मोडली. शरीराबाहेर फलन घडवून तो गर्भ अन्य स्त्रीच्या गर्भाशयात वाढविता येऊ लागल्यापासून मातृत्वाची तीन शकले झाली. बीज एकीचे, कूस दुसरीची आणि अपत्याची इच्छा तिसरीची, अशी स्थिती संभवनीय ठरली. ‘सरोगसी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या व्यवहारासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००५ साली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. मात्र त्यांना कायद्याचे बळ नव्हते. पुढे २०१५ च्या नोव्हेंबरात परदेशीयांना या देशात सरोगसी करविण्यास मनाई होईपर्यंत गुजरातमधील आणंद व आपली मुंबई येथे अनेक परदेशी जोडपी या हेतूने येत राहिली. मूल जन्मल्यावर त्यांची खरी परीक्षा सुरू होई. जन्माचा दाखला, स्वदेशाचा पासपोर्ट किंवा व्हिसा, आणि भारतातून बाहेर पडण्याचा परवाना, असे तीन कागद मिळाल्यावाचून काही दिवसांच्या त्या जिवाला विमानात घेऊन बसता येत नसे. आणि तीनही कागदांच्या मुळाशी एकच प्रश्न असे : या मुलाची आई कोण?

या प्रश्नाला मराठीत ज्या कलाकृतीने प्रथम ठळक रूप दिले ती म्हणजे समृद्धी पोरे यांचा ‘मला आई व्हायचंय!’ हा चित्रपट. प्रस्तुत लेखात या चित्रपटाच्या कथाकल्पनेचे परीक्षण करावयाचे योजिले आहे. या कथेने स्वीकारलेला आदर्श यशोदेचा आहे. परंतु विषयाच्या अंगी असलेला आदर्श शकुंतलेचा आहे, आणि या दोहोंतील निवड ही केवळ अलंकरणाची बाब नसून तिच्यामुळे एका व्यक्तीवर अन्याय होतो, असे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

२

चित्रपट २०११ साली प्रदर्शित झाला. २०१० या वर्षासाठीच्या, म्हणजे अठ्ठावन्नाव्या, राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तो मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. दिग्दर्शिका व्यवसायाने वकील आहेत, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कथेचा सांगाडा थोडक्यात असा : मेरी नावाची परदेशी स्त्री अपत्यप्राप्तीसाठी भारतात येते. यशोदा ही गरीब स्त्री मोबदल्यासाठी तिचा गर्भ वाढविण्यास तयार होते. पुढे मूल व्यंग घेऊन जन्मण्याची शक्यता आहे असे कळताच मेरी निघून जाते. यशोदेला निरोगी मुलगा होतो. ती त्याला माधव हे नाव देऊन वाढविते. आणि काही वर्षांनी मेरी त्याला मागावयास परत येते. तेलुगूतील ‘वेलकम ओबामा’ (२०१३) आणि हिंदीतील ‘मिमी’ (२०२१) या चित्रपटांनी हेच कथाबीज उचलले, यावरून त्याची भावनिक पकड किती घट्ट आहे हे दिसून येते.

या चित्रपटाचे ऋण प्रथमच मान्य केले पाहिजे. वर्तमानपत्रांतील बातम्यांत सरोगसीची चर्चा होत असे ती दरांची आणि सोयींची. गर्भ वाढविणारी स्त्री त्या चर्चेत केवळ ‘गर्भाशय’ म्हणून येई. या चित्रपटाने तिला चेहरा दिला, घर दिले, भाषा दिली. गोऱ्या कातडीचे मूल मराठी घरात मराठी बोलत वाढते, या एका दृश्यकल्पनेतून बीज आणि संस्कार यांचे नाते कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक स्पष्ट होते.

तथापि पात्रांची नावे बारकाईने पाहिली तर एक विसंगती नजरेत भरते. पुराणकथेत जन्म देणारी देवकी आणि वाढविणारी यशोदा. चित्रपटातील यशोदा मात्र मूल वाढविते एवढेच नव्हे. ती त्याला नऊ महिने उदरात वागविते, प्रसूतिवेदना सोसते. पुराणाच्या हिशेबाने तिच्याकडे देवकीपण आणि यशोदापण दोन्ही येतात. असे असता कथेने तिला पाळणाऱ्या आईचे नाव दिले आणि त्याबरोबर नकळत एक मोठी गोष्ट कबूल करून टाकली : जन्मदात्री ती नव्हे, जन्मदात्री अन्यत्र आहे. इकडे बीजाची अधिकारिणी असलेल्या स्त्रीला ‘मेरी’ हे नाव मिळाले. ख्रिस्ती परंपरेत ते मातृत्वाचेच परम नाव होय. दोन्ही स्त्रिया नावानेच माता ठरल्यामुळे संघर्ष दोन मातांमधला झाला. त्यांपैकी कोणाची ममता अधिक, एवढाच निवाडा प्रेक्षकाने करावयाचा उरला.

शीर्षकाचाही हाच कल आहे. ‘मला आई व्हायचंय!’ हे वाक्य कोणाचे? आरंभी ते मेरीचे आहे, नंतर यशोदेचे होते, आणि या हस्तांतरातच कथेचे सौंदर्य आहे. परंतु वाक्य इच्छार्थी आहे. आई ‘होणे’ ही येथे अंतःकरणाची क्रिया मानलेली आहे. आई म्हणून ‘नोंदले जाणे’ ही वेगळी क्रिया असून ती अन्य कोणाच्या तरी लेखणीने घडते, ही जाणीव त्या वाक्याच्या कक्षेत येत नाही.

कथेचे तीन कळीचे क्षण घेऊन हे पडताळून पाहता येईल. मेरी निघून जाते, यशोदा प्रसूत होते, मेरी परत येते. पहिल्या क्षणी प्रश्न उद्भवतो तो कराराचा : निघून जाणाऱ्या स्त्रीवर त्या कागदाचे कोणते बंधन राहिले? दुसऱ्या क्षणी जन्मनोंदीचा : मातेच्या रकान्यात कोणाचे नाव पडले? तिसऱ्या क्षणी नागरिकत्वाचा : परत आलेली स्त्री कोणता कागद दाखवून मुलाला विमानतळाबाहेर नेणार होती? हे प्रश्न कोणी काढील किंवा काढणार नाही. परंतु कथेचा कणा त्यांवर उभा नाही. तो उभा आहे ममतेच्या झगड्यावर.

३

प्रत्यक्षात काय घडत होते, हे पाहण्यासाठी आता कथेकडून कागदपत्रांकडे वळले पाहिजे. पहिले प्रकरण २००८ मधील, ‘बेबी मांजी यामादा विरुद्ध भारत सरकार’ या नावाने सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयसंग्रहात नोंदलेले. एका जपानी दांपत्याने आणंद येथे सरोगसीचा करार केला. मूल जन्मण्यापूर्वीच दांपत्याचा घटस्फोट झाला. २५ जुलै २००८ रोजी मुलगी जन्मली. पत्नीला आता ती नको होती. बीज एका अज्ञात दात्या स्त्रीचे होते. गर्भ वाढविणारीचे काम करारानुसार संपले होते. जपानच्या दृष्टीने जी प्रसूत झाली ती आई, म्हणून मूल भारतीय. भारतातील कचेऱ्यांच्या दृष्टीने मूल जपानी पित्याचे. पिता मुलीला हवा म्हणत होता, आजी तिच्यासाठी भारतात येऊन राहिली होती. ममतेची येथे कोठेही वाण नव्हती. वाण होती ती एका नावाची. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर जयपूरच्या पासपोर्ट कचेरीने मुलीला पासपोर्ट न देता ओळखपत्रवजा प्रवासाचा कागद दिला. त्यावर मातेचे नाव नव्हते, राष्ट्रीयत्व नव्हते, धर्मही नव्हता. नोव्हेंबरच्या आरंभी ती त्या कागदावर जपानला गेली. जिच्या जन्मात तीन स्त्रियांचा वाटा होता, तिच्या कागदावर मातेचा रकाना रिकामा राहिला.

दुसरे प्रकरण त्याच वर्षी, त्याच आणंदला जन्मलेल्या जुळ्या मुलांचे. पिता जर्मन होता. जर्मनीत सरोगसीला मनाई असल्यामुळे तेथील शासन मुलांना आपले मानीना. इकडे जन्मदाखल्यात प्रथम लिहिलेले मातेचे नाव पुढे बदलण्यात आले, आणि मुलांना मिळालेले भारतीय पासपोर्ट परत मागण्यात आले. गुजरात उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००९ मध्ये दिलेला निर्णय या सर्व वाङ्मयात लक्षणीय आहे. अज्ञात बीजदात्री आणि गर्भ वाढविणारी स्त्री यांत दुसरीलाच न्यायालयाने माता मानले आणि ती भारतीय म्हणून मुलेही भारतीय ठरविली. या निर्णयाविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि सरतेशेवटी मुलांची घरी जाण्याची वाट मोकळी झाली ती दत्तकाच्या मार्गाने. पित्याला आपलीच मुले दत्तक घ्यावी लागली.

तिसरे प्रकरण मुंबईचे. २०१० साली येथे एका नॉर्वेजियन स्त्रीसाठी जुळी मुले जन्मली. तिच्या देशाने रक्ताची तपासणी करविली. मुलांचे तिच्याशी कोणतेही जैविक नाते निघाले नाही. नॉर्वेच्या कायद्याप्रमाणे प्रसूत झालेली भारतीय स्त्री माता होती. भारतातील रूढ व्यवहाराप्रमाणे ती नव्हती. दोन देशांच्या दोन व्याख्यांमधील फटीत ती स्त्री मुले सांभाळीत वर्षाहून अधिक काळ भारतात अडकून पडली. चित्रपटातील मेरी मूल सोडून गेली. ही स्त्री मुले सोडून जाऊ शकत असूनही गेली नाही. दोघींचे वर्तन टोकाचे भिन्न, परंतु कागदाने ते विचारात घेतले नाही.

या अनुभवांनंतर, जुलै २०१२ मध्ये, केंद्रीय गृहमंत्रालयाने नियम घातले. परदेशी जोडपे स्त्री-पुरुष विवाहित असावे, विवाहाला दोन वर्षे झालेली असावीत, त्यांनी वैद्यकीय व्हिसावर यावे, आणि मुलाला आपल्या देशात प्रवेश मिळेल असे त्यांच्या वकिलातीचे पत्र आधीच आणावे, असे त्यांत होते. देश सोडण्याच्या परवान्यासाठी रुग्णालयाचा एक दाखलाही जोडावा लागे. मूल जोडप्याच्या ताब्यात आले असून गर्भ वाढविणाऱ्या स्त्रीचे करारानुसार असलेले सर्व देणे चुकते झाले आहे, असा त्याचा आशय. अभ्यासकाने या दाखल्यापाशी थांबले पाहिजे. त्या सबंध फाइलीत ती स्त्री शेवटची भेटते ती येथे. आणि ती माता म्हणून नव्हे, तर मिटलेल्या खात्याच्या रूपाने भेटते.

४

या कागदांतून उभे राहणारे नाट्य कोणत्या जातीचे आहे? दोन मातांच्या ओढाताणीचे ते नाही, कारण मांजीच्या प्रकरणात मातेचा दावा सांगणारे कोणीच नव्हते. ते आहे ओळख पटविण्याचे, ‘अभिज्ञाना’चे. आणि या जातीचे नाट्य भारतीय परंपरेला अपरिचित नाही.

महाभारतातील शकुंतला मुलाला घेऊन राजसभेत येते तेव्हा तिच्यापाशी कोणतीही खूण नसते. राजा तिला ओळखून असतो, परंतु केवळ तिच्या शब्दावर मुलाचा स्वीकार केला तर लोक संशय घेतील म्हणून तो नाकारतो. आणि आकाशवाणी झाल्यावर, सर्वांसमक्ष साक्ष मिळाल्यावर, स्वीकार करतो. कालिदासाने या कथेत अंगठी आणली. शापाचा योगही त्यानेच जोडला, परंतु शापाची तोड अंगठीत ठेविली. कथेत खूण ही कवीने घातलेली भर आहे, हे येथे विशेष महत्त्वाचे. कागद म्हणजे रसाचा शत्रू, अशी समजूत असणाऱ्यांनी हे पाहावे की, संस्कृतातील सर्वमान्य नाटकाचे नावच त्या खुणेवरून पडले आहे. पाचव्या अंकात गर्भवती शकुंतला बोटाकडे पाहते आणि अंगठी नसते. त्या क्षणीचा करुण हा ममतेच्या अभावातून निर्माण झालेला नाही. खरे सांगणाऱ्या व्यक्तीजवळ खूण नाही, एवढ्यातूनच तो निर्माण होतो.

सातव्या अंकातील दुसरी खूण तर प्रस्तुत विषयाच्या आणखी जवळची आहे. मारीच ऋषींनी बाळाच्या मनगटावर अपराजिता नावाची औषधी बांधलेली असते. ती भूमीवर पडली तर आई, बाप आणि स्वतः बालक यांच्यावाचून कोणी उचलू नये; उचलल्यास ती सर्प होऊन दंश करते. दुष्यंत ती सहज उचलतो, तापसी चकित होतात, आणि पितृत्व सिद्ध होते. आजची प्रयोगशाळा जे उत्तर देते तेच ही औषधी देते. फरक एवढाच की, अपराजितेला आई एकच ठाऊक आहे. मुंबईच्या प्रकरणात ती भूमीवर पडली असती तर सर्प कोणाला डसला असता? मुलांची इच्छा धरणारी, रात्ररात्र जागून त्यांना वाढविणारी स्त्री ती उचलू शकली नसती. उचलू शकली असती ती बीज देऊन निघून गेलेली, नाव नसलेली कोणी स्त्री. आणि ज्या स्त्रीच्या उदरात ती मुले वाढली तिला औषधी डसली असती की नाही, यावर दोन देशांचे एकमत नव्हते. कालिदासाला जे सुचण्याचे कारण नव्हते ते आजच्या लेखकापुढे आयते उभे आहे.

यशोदेच्या कथेत खुणेला स्थानच नाही. वसुदेव मध्यरात्री नवजात कृष्णाला घेऊन यमुना ओलांडतो; तुरुंगाची दारे आपोआप उघडतात, पहारेकरी झोपी जातात, नदी वाट देते. पलीकडे गोकुळात बाळ यशोदेच्या कुशीत ठेविले जाते आणि ते तिचेच होऊन जाते. सीमा ओलांडणाऱ्या तान्ह्या मुलाचे यापेक्षा सुंदर चित्र दुसरे नाही. परंतु या चित्राची सारी शक्ती पहारेकरी झोपलेले आहेत या गोष्टीत आहे. सरोगसीच्या कथेतील पहारेकरी जागा असतो, आणि तो कागद मागतो. म्हणून यशोदेचा आदर्श घेतला की कथेला तो पहारेकरी दृष्टीआड करणे भाग पडते.

५

यावर दोन आक्षेप येण्याचा संभव आहे. पहिला असा की, चित्रपट म्हणजे कायद्याचे भाष्य नव्हे. कलावंताने अंतःकरणाचे चित्रण करावे, दप्तराचे ओझे त्याच्यावर लादू नये. या आक्षेपाला वर दिलेले शाकुंतलाचे उदाहरण पुरेसे उत्तर आहे. अंगठी कोळ्याला सापडते, शिपाई त्याला चोर समजून धरून आणतात, तोही आपली बाजू मांडू लागतो. हा सारा प्रवेश दप्तरी चौकशीचाच आहे, आणि तो रसाला बाधक झाल्याची तक्रार ऐकिवात नाही. कागद कथेत आणल्याने कथा रूक्ष होत नाही; रूक्ष होते ती कागदामागील माणूस न दिसल्याने.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. सोडून गेलेली माता परत येऊन मूल मागते, आणि वाढविणारी देण्यास नकार देते, ही रचना मराठी रंगभूमीने चिं. त्र्यं. खानोलकरांच्या ‘अजब न्याय वर्तुळाचा’ या ब्रेख्टवर आधारलेल्या नाटकात पाहिलेली आहे. मग चित्रपटाचा आदर्श यशोदा नसून ते वर्तुळ आहे, आणि वर्तुळाच्या कथेत न्यायासन तर आहेच, असे कोणी म्हणू शकेल. साम्य खरे आहे. परंतु ब्रेख्टच्या कथेत परत आलेल्या मातेला मूल हवे असते ते वारसाहक्कासाठी. म्हणजे तेथे रक्ताच्या नात्यामागे मालमत्तेचा कागद आहे हे नाटककार लपवीत नाही. तेथील न्यायाधीश कायद्याचे पुस्तक बुडाखाली घेऊन बसतो, ही त्या कथेतील प्रसिद्ध गंमत. कायदा बाजूला सारला जात आहे, हे प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर घडते. ममतेच्या कथेत कायदा बाजूला सारला गेला, हे प्रेक्षकाला कळतच नाही. दोहोंतील अंतर हे असे आहे.

तथापि एवढ्यावरून चित्रपटाची योग्यता कमी लेखणे अन्यायाचे होईल. वकिली व्यवसायातील व्यक्तीला कागदांचे सामर्थ्य ठाऊक नसेल असे मानण्याचे कारण नाही. किंबहुना कागद ज्या स्त्रीला विसरतो तिची भरपाई कथेने करावी, अशीच प्रेरणा या निर्मितीमागे असणे शक्य आहे. परंतु भरपाई ममतेच्या नाण्यात झाली. यशोदेला प्रेक्षकांचे अश्रू मिळाले. नोंदीत तिचे नाव का नसावे, हा प्रश्न मात्र तिच्या वतीने विचारला गेला नाही. अमृता पांडे यांनी आणंदच्या स्त्रियांचा जो समाजशास्त्रीय अभ्यास २०१४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला, त्यात या स्त्रिया नात्याचा दावा आपल्या रक्तावर आणि श्रमांवर सांगताना आढळतात. तो दावा केवळ मायेचा नाही. आपण मूल घडविले, असे त्यांचे म्हणणे आहे. यशोदा हे नाव त्या म्हणण्याला पुरे पडत नाही.

६

२०१५ नंतर व्यवहाराची दिशा बदलली. २५ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या सरोगसी (विनियमन) अधिनियमाने मोबदल्याची सरोगसी बंद केली. वैद्यकीय खर्च व विमा सोडून काहीही न घेता गर्भ वाढविणारी, विवाह झालेली, स्वतःचे मूल असलेली, २५ ते ३५ वयाची स्त्रीच आता सरोगेट माता होऊ शकते. मुलाचे पालक कोण, याविषयीचा न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश गर्भ राहण्यापूर्वीच घ्यावा लागतो, आणि मूल जन्मल्यावर तोच आदेश जन्माचे प्रतिज्ञापत्र ठरतो. शकुंतलेची अंगठी विवाहानंतर मिळाली होती. येथे अंगठी आधी आणि गर्भ मागाहून, असा क्रम झाला. मूल इच्छुक दांपत्याचे जैविक अपत्यच मानावयाचे, असे कायदा सांगतो. त्यामुळे मुलाचे कागद बिनचूक झाले, हा मोठाच लाभ होय. गर्भ वाढविणारी मात्र त्या कागदावर पूर्वीपेक्षा अधिक दिसते, असे म्हणता येत नाही.

परदेशी असलेल्या भारतीय दांपत्यांपुढे हाच प्रश्न उलट दिशेने येतो. परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशपरत्वे भारतीय नागरिकत्व मिळावयाचे तर १९५५ च्या नागरिकत्व अधिनियमान्वये एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत त्याच्या जन्माची नोंद व्हावी लागते, आणि अन्य देशाचा पासपोर्ट त्याच्यापाशी नाही असे आईबापांना लिहून द्यावे लागते. येथेही ‘आईबाप’ कोण, हे त्या देशाच्या जन्मदाखल्यावरून ठरते. युक्रेनच्या कुटुंबसंहितेप्रमाणे ज्या दांपत्याचा गर्भ असेल तेच दाखल्यावर आईबाप म्हणून लिहिले जाते. इतर अनेक देशांत तसे होत नाही. कागद सरळ असले तरी वाट सरळ असतेच असे नाही. २०२० च्या मे महिन्यात साथीमुळे सीमा बंद झाल्या तेव्हा कीव्ह येथील एका हॉटेलात अशी ४६ तान्ही बाळे पाळण्यांत ओळीने ठेविलेली जगाने पाहिली. पालक ठरलेले होते, नावे ठरलेली होती. यमुना मात्र वाट देत नव्हती. असा प्रसंग अद्याप मराठी कथेच्या वाट्यास येऊन सिद्ध व्हावयाचा आहे.

शेवटी पुन्हा अल्लीपूरच्या त्या नोंदवहीकडे आले पाहिजे, कारण या अवधीत तीही बदलली आहे. २०२३ साली जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमात झालेल्या दुरुस्तीने सरोगसीतून जन्मलेल्या मुलाच्या नोंदीचा स्वतंत्र उल्लेख केला. त्या दुरुस्तीनंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टापर्यंत जन्मदाखला हाच जन्माचा पुरावा झाला आहे. महाराष्ट्र शासनाने तर १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांचे नाव शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव या क्रमाने लिहावे, असा निर्णय घेतला. म्हणजे आईचे नाव आता केवळ एका रकान्यात न राहता मुलाच्या नावाचाच भाग झाले. शतकानुशतके ज्या नावाची नोंद घेण्याची गरज कोणास भासली नाही, ते आता मुलाबरोबर शाळेत, कचेरीत, सीमेवर जाईल. अशा काळात ‘आईचे नाव’ म्हणजे बीजाचे, कुशीचे की इच्छेचे, हा प्रश्न केवळ आणंदचा किंवा मुंबईचा राहत नाही.

वर्धेकडच्या बोलीत आईला ‘माय’ म्हणतात, आणि ‘पोटचं लेकरू’ हा शब्दप्रयोग तेथे प्रेमाचा तसाच पुराव्याचाही आहे. भाषेने पोट आणि पुरावा एकत्र ठेविले होते. कायद्याने ते वेगळे केले. कायद्याला तसे करण्याची कारणे आहेत, आणि मुलाच्या हिताच्या दृष्टीने ती रास्तही असतील. परंतु वेगळे केल्यावर मागे जे उरले त्याची नोंद कोठे तरी राहिली पाहिजे. ‘मला आई व्हायचंय!’ने ती नोंद ममतेच्या भाषेत केली आणि तेवढ्यापुरती ती मोलाची आहे. पुढील लेखकाने ती ओळखीच्या भाषेत करावी. मोठे झालेले मूल जेव्हा आपला जन्मदाखला हाती घेऊन आपण कोणाच्या पोटी आलो असे विचारील, तेव्हा ज्या स्त्रीचे नाव तेथे नाही तिच्यापर्यंत त्याला नेणारी एखादी खूण त्या कथेत असावी, एवढीच अपेक्षा येथे नोंदवावयाची आहे.